वागळे ते रबाळे, दोन डबे आणि एक काका : ऑफिसचे दोन ईपीएबीएक्स जोडून घेतल्याचा अनुभव

रेटिंग आधीच सांगते: पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईल.

आमचं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटला. कारखाना रबाळे एमआयडीसीत. रबरी गॅस्केट, ओ-रिंग, सील असलं सामान बनतं. ठाण्यात सेल्स, परचेस, अकाउंट्स आणि साहेब. रबाळ्यात प्रॉडक्शन, स्टोअर, क्यूसी (मालाची तपासणी), डिस्पॅच. मी गेली एकवीस वर्षं ठाण्याच्या बाजूला बसते. हुद्दा अकाउंट्सचा, पण पाण्याच्या जारपासून लिफ्टच्या एएमसीपर्यंत जे कोणाचंच नसतं ते माझं असतं. फोन त्यातलाच.

दोन्हीकडे आपापला ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसच्या आतल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज, आहे. ठाण्याचा चार बाहेरच्या लाइन आणि सोळा एक्स्टेंशनचा (आतल्या फोनांचा), रबाळ्याचा तीन लाइन आठ एक्स्टेंशनचा, तोही वेगळ्या कंपनीचा. दोन्ही ॲनालॉग, दोन्ही म्हातारे, दोन्ही ठणठणीत. ठाण्यातल्याला मी एकदाच नवीन बॅटरी घातली आहे, तेवढाच काय तो त्याचा औषधपाण्याचा खर्च. पण हे दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. मला स्टोअरला काही विचारायचं तर शून्य दाबून बाहेरची लाइन घ्यायची, रबाळ्याचा आठ आकडी नंबर फिरवायचा, तिकडे गेटवरचा वॉचमन उचलणार, "कोण पाहिजे?", मग तो स्टोअरला देणार, किंवा द्यायला जाणार आणि फोन कापणार.

मागच्या पावसाळ्यात यावरूनच एक टेम्पो भिवंडीऐवजी तळोज्याला गेला. गिऱ्हाइकाचा अकरा वाजता फोन आला की माल तळोज्याच्या प्लांटला नको, भिवंडीच्या गोडाऊनला पाठवा. मी रबाळ्याला लावला तर दोन्ही लाइन एंगेज. पंचवीस मिनिटं एंगेज. डिस्पॅचवाल्याचा मोबाइल लागेना, कारण शेडवर पत्रा आहे आणि आत रेंजचा पत्ता नसतो. लाइन मोकळी होईपर्यंत टेम्पो महापे ओलांडून गेला होता. ड्रायव्हरने फोन उचलला तो थेट तळोज्याच्या गेटवर. दुहेरी भाडं बसलं, वर गिऱ्हाइकाची बोलणी. साहेबांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "आपल्याच दोन जागा, आणि एकमेकींना फोन लागत नाही?" मग म्हणाले, बघा काय होतंय ते, चाळीस हजारांच्या वर जायचं नाही. बोनसचा महिना तोंडावर होता, त्यामुळे घासाघीस करायला मी थांबले नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मला सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही ०२२ मध्येच येतात. एसटीडी नाही, काही नाही. आमच्या लँडलाइनचा प्लॅनही कॉलचे वेगळे पैसे न लावणारा. त्यामुळे या सगळ्या खटाटोपातून फोनच्या बिलात एक रुपया वाचणार नव्हता आणि वाचलेलाही नाही. बिल वाचवायला म्हणून कोणी हे करायला निघालं असेल तर इथेच थांबा. आम्हाला हवं होतं ते इतकंच, की बाहेरच्या लाइनी अडवून न ठेवता ठाण्याच्या टेबलावरून रबाळ्याचं टेबल तीन आकड्यांत लागावं.

दुसरा प्रश्न: मोबाइल आहेत की सगळ्यांकडे. आहेत. पण शॉप फ्लोअरवर मोबाइल न्यायला आमच्याकडे बंदी आहे, सगळे गेटपाशी लॉकरमध्ये असतात. स्टोअरला रेंज नाही हे वर आलंच. आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा नंबरही त्याच्याबरोबर जातो. मागच्या क्यूसीवाल्याला अजून आमचे फोन जातात, तो बिचारा आता सिल्वासाला असतो.

कोटेशनं तीन घेतली. पहिल्यांनी दोन्ही जुनी यंत्रं काढून दोन्हीकडे आयपी सिस्टीम, टेबलावर आयपी फोन, स्विच, केबलिंग असा सव्वातीन लाखांचा कागद दिला. छान रंगीत होता. त्यात 'फ्यूचर रेडी' हा शब्द चार वेळा होता, आणि आमच्या स्टोअरमध्ये रबर पावडरने फोनची बटणं सहा महिन्यांत काळी होतात याचा उल्लेख एकदाही नव्हता. दुसऱ्यांनी दोन ठिकाणांमध्ये लीज्ड लाइन घ्या म्हणून सुचवलं. त्याचं महिन्याचं भाडं बघून मी कागद साहेबांपर्यंत नेलाच नाही. तिसऱ्याने फोनवरच सांगितलं, "मॅडम, व्हॉट्सॲप ग्रुप बनवा ना." त्यालाही धन्यवाद.

काका मिळाले ते आमच्या झेरॉक्स मशीनवाल्याकडून. कळव्याला राहतात, साठीच्या आसपास, पूर्वी टेलिफोन खात्याची केबल जोडायची कंत्राटी कामं करायचे, आता ईपीएबीएक्स आणि इंटरकॉम. स्कूटीच्या पुढे पायाशी एक खाकी पिशवी, त्यात क्रोन टूल, जंपर वायरचं भेंडोळं आणि पितळी क्लिपा लावलेला लाइन टेस्टिंगचा फोन. मी यंत्र दाखवायला उठले तर म्हणाले, "ताई, यंत्र नंतर. आधी मला रिसेप्शनला तासभर बसू द्या." आणि खरंच बसले. चहा घेतला, आणि कोणाचा फोन कुठून येतो, रिसेप्शनवरची ताई तो कोणाला देते, रबाळ्याचं काम निघालं की ती काय करते, हे एका पाठकोऱ्या चलनावर रेघा मारत लिहीत राहिले. तासात अकरा वेळा रबाळ्याचा नंबर फिरवला गेला होता. मला स्वतःला तो आकडा चार-पाच वाटत होता.

मग दोन्ही यंत्रं उघडून बघितली. ठाण्यात चारपैकी दोनच ट्रंक पोर्टना, म्हणजे बाहेरची लाइन खोचायच्या जागांना, लाइनी होत्या, दोन मोकळे. रबाळ्यात तीनपैकी एक मोकळा. एक्स्टेंशन ठाण्यात भरपूर शिल्लक, रबाळ्यात आठपैकी फक्त आठवं. त्या आठव्या पोर्टाला टेस्टिंगचा फोन लावून डायल टोन ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, "जिवंत आहे. म्हणजे काम होईल."

कसं झालं ते आता जरा सविस्तर सांगते. मला ते समजून घ्यायला आठवडा लागला, आणि समजल्यावर मात्र फार सोपं वाटलं.

फोनच्या तारेला दोन टोकं असतात. एक टोक लाइन देतं: त्यावर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी, डायल टोन आणि घंटी वाजवायचा करंट असतो. एक्स्चेंजकडून येणारी लाइन तशी असते, आणि ईपीएबीएक्सचा एक्स्टेंशन पोर्टही तसाच. याला एफएक्सएस म्हणतात. दुसरं टोक लाइन घेतं: टेबलावरचा फोन, किंवा ईपीएबीएक्सचा ट्रंक पोर्ट. याला एफएक्सओ. देणाऱ्याला घेणारा जोडायचा, एवढाच नियम. देणाऱ्याला देणारा जोडला तर काम होत नाही, उलट पोर्ट जायची भीती.

बाजारात छोटे गेटवे मिळतात, तळहाताएवढे काळे डबे, ज्यांना एक एफएक्सएस आणि एक एफएक्सओ अशी दोन्ही भोकं असतात, शिवाय इंटरनेटची केबल लावायची जागा. एकेक सात हजारांच्या आत. असे दोन घेतले, एक ठाण्याला, एक रबाळ्याला. ठाण्यातल्या डब्याचा एफएक्सएस आमच्या मोकळ्या ट्रंक पोर्टात. म्हणजे ठाण्याच्या यंत्राला वाटतं की तिसरी बाहेरची लाइन आली. ती लाइन आठ दाबून मिळते. आठ दाबलं की डब्याचा डायल टोन येतो, मग रबाळ्याचं एक्स्टेंशन दाबायचं, समजा ३०५. डबा तो आकडा इंटरनेटवरून रबाळ्याच्या डब्याला सांगतो. त्याचा एफएक्सओ तिकडच्या त्या आठव्या एक्स्टेंशनात लावला आहे. तो एखाद्या माणसासारखा फोन उचलतो, ३०५ दाबतो, आणि स्टोअरची घंटी वाजते. रबाळ्याहून ठाण्याला यायला हेच उलट्या बाजूने: त्यांचा ट्रंक पोर्ट, आमचं एक्स्टेंशन. आठ दाबल्यापासून तिकडे घंटी वाजेपर्यंत पाच-सहा सेकंद जातात. सुरुवातीला लोक तेवढ्यात ठेवून द्यायचे. "लागत नाही हो तुमचं ते." लागतं, दम धरा.

दोन्ही यंत्रं जन्मापासून २०१ पासून मोजणारी होती, त्यामुळे दोन्हीकडे २०५ होता. आठ लावल्यामुळे तांत्रिक अडचण नव्हती, पण "२०५ ला विचार" म्हटलं की कुठला २०५ हा गोंधळ नक्की होता. काकांनी रबाळ्याचे सगळे ३०१ ते ३०८ केले. मी रात्री बसून नवी यादी टाइप केली, लॅमिनेट केली आणि प्रत्येक फोनखाली चिकटवली.

इंटरनेटच्या बाजूला एक अडचण आली. दोन्हीकडे फायबर आहे, पण रबाळ्याच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा इंटरनेटचा पत्ता, नाही. पुरवठादार एकाच पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवतो. म्हणजे बाहेरून त्या डब्याचं दार ठोठावताच येत नाही. शेवटी ठाण्याला स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घेतला, दोन्हीकडे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून खासगी बोगदा, करणारे छोटे राऊटर बसवले, आणि रबाळ्याच्या राऊटरने आतून ठाण्याला फोन लावल्यासारखा तो बोगदा काढला. सगळं बोलणं त्यातून जातं. हा राऊटरचा खर्च मला आधी अनावश्यक वाटला होता. काका म्हणाले, असला डबा उघड्या इंटरनेटवर ठेवला की दिवस-दोन दिवसांत कोण कुठला येऊन कड्या वाजवायला लागतो, आणि आत शिरला तर तुमच्या लाइनीवरून परदेशात फोन लावतो. मी गप्प बसून पैसे मंजूर केले.

स्पीडची काळजी करू नका. साध्या कोडेकवर (आवाजाचे आकडे करून पाठवायच्या पद्धतीवर) एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात, दोन कॉल चालू असले तरी २०० केबीपीएसच्या आसपास. आजच्या फायबरला ते जाणवतही नाही. जाणवतं ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी साडेअकराच्या सुमाराला आवाज तुटायचा, बेडूक बोलल्यासारखा. काकांनी कारण शोधलं ते असं, की साहेब घरून निघण्याआधी मोबाइलवर कारखान्याचे सगळे सोळा कॅमेरे एकदम उघडून बघतात. रबाळ्याचं अपलोड तिथे संपत होतं. राऊटरमध्ये आवाजाच्या पॅकेटांना पहिला मान दिला आणि बेडूक गेला. साहेबांना हे कोणी सांगितलेलं नाही.

आता मूळ दुखणं.

पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता पहिला फोन लागला. मी आठ, ३०५ दाबलं आणि स्टोअरकीपर "हां ताई, बोला" म्हणाला, इतक्या स्वच्छ आवाजात की मागे प्रेसचा धपधप आवाजही ऐकू आला. सगळ्या ऑफिसने लावून बघितला. साडेपाचला सेल्सच्या मुलाने लावला तर एंगेज. सहाला एंगेज. सगळे घरी गेले तरी एंगेज. रबाळ्यात त्या डब्यावरचा लाइनचा दिवा रात्रभर पेटलेला, वॉचमनने फोटो काढून पाठवला.

झालं असं होतं की माणसं फोन ठेवत होती, डबा ठेवत नव्हता. आपण रिसिव्हर खाली ठेवतो तेव्हा हात ठेवतो. डब्याला हात नाही. समोरच्याने ठेवल्यावर ईपीएबीएक्स जो एंगेज टोन देतो तो ऐकून त्याने समजायचं असतं की बोलणं संपलं. हा आमचा डबा टोन ऐकत होता आणि त्याला तो गाण्यासारखा वाटत होता. तीन दिवस रोज सकाळी रबाळ्याचा शिपाई तार काढून परत लावायचा. दिवसात दोनदा-तीनदा. मी त्या तीन दिवसांत काकांना बरंच बोलले, ते कबूल करते.

चौथ्या दिवशी काका आले ते मोबाइलवर फुकटचं एक ॲप घेऊन. त्यात आवाज धरला की त्याची फ्रीक्वेन्सी दिसते. रबाळ्याच्या फोनवर एंगेज टोन लावला, मोबाइल रिसिव्हरला चिकटवला. पडद्यावर एकच उभी रेघ, ४०० हर्ट्झला. पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद गप्प. हा आपला भारतीय एंगेज टोन. मग डब्याच्या सेटिंगचं पान उघडून मला दाखवलं: तिथे ४८० आणि ६२० अशा दोन फ्रीक्वेन्सी एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. अमेरिकेचा टोन. "ताई, हा इथे बसून न्यूयॉर्कच्या टोनची वाट बघतोय," म्हणाले. तिथे ४०० लिहिलं, ७५० मिलिसेकंद चालू, ७५० बंद. सेव्ह केलं. मी ठाण्याहून लावला, ठेवला. दोन-तीन सेकंदांत रबाळ्याचा दिवा विझला. आम्ही दोन्हीकडून तीसेक वेळा लावून ठेवून बघितलं. एकदाही अडकला नाही.

गंमत म्हणजे ठाण्यात तेच आकडे घालून चाललं नाही. ठाण्याच्या यंत्राचा टोन ४०० चाच, पण अर्ध्या सेकंदाचा. त्याच्या कंपनीची मर्जी. तिकडे ५०० घातले. म्हणून सांगते, गेटवे बसवायला येणारा माणूस तुमच्या यंत्राचा टोन न मोजता "देश: भारत" निवडून निघाला, तर त्याला चहा देऊन परत बसवा. डब्याच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या जातीच्या कुठल्याही डब्याला हे करावंच लागणार.

आवाजाचा प्रतिध्वनी येत होता, आपलंच वाक्य आपल्याला अर्ध्या क्षणाने ऐकू यायचं. ते इम्पिडन्स ६०० ओहम धरून आणि आवाजाची पातळी थोडी उतरवून गेलं. अर्ध्या तासाचं काम. दाबलेला आकडा कधी दोनदा उमटायचा, तेही एका सेटिंगने गेलं. त्यात मी लक्ष घातलं नाही.

खर्च. दोन गेटवे १३,६००. दोन राऊटर ७,४००. ठाण्याचा स्टॅटिक आयपी वर्षासाठी २,५००. राऊटर आणि डब्यासाठी दोन्हीकडे छोटे यूपीएस, ३,०००. वायर, आरजे-११ चे कनेक्टर, फुटकळ सामान ९००. काकांची मजुरी ८,५००, त्यात रबाळ्याच्या पाच फेऱ्या आल्या. एकूण ३५,९००. यूपीएस काटकसरीत गाळू नका. रबाळ्याला वीज गेली की जनरेटर लागेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात राऊटर बंद पडतो आणि सगळं उठून बोगदा परत जुळायला तीन-चार मिनिटं लागतात. नेमकं त्याच वेळी सगळ्यांना विचारायचं असतं की लाइट कधी येणार.

आता कापलेल्या एका गुणाकडे येते. खरं तर तो तीन तुकड्यांत कापला आहे.

पहिला तुकडा: एका वेळी एका दिशेने एकच कॉल. मी स्टोअरशी बोलत असेन तर परचेसला टोन मिळत नाही, एंगेज येतो. आमच्या प्रमाणात चालतं. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत चालत नाही, तेव्हा लोक परत शून्य दाबून बाहेरून लावतात. जास्त पोर्टांचे डबे मिळतात, पण रबाळ्याच्या यंत्रात एक्स्टेंशनच उरलेलं नाही, आणि ते वाढवायचं कार्ड आता जुन्या बाजारातच शोधावं लागेल.

दुसरा तुकडा हा काकांचा दोष नाही, पण माझी हौस राहिली. माझी मूळ कल्पना अशी होती की गिऱ्हाइकाचा फोन ठाण्याला आला आणि काम डिस्पॅचचं निघालं, की रिसेप्शनने तो सरळ ३०६ ला ट्रान्सफर करावा. काकांनी साफ नकार दिला. बाहेरची टेलिफोन लाइन आणि आपल्या खासगी इंटरनेटवरचा आवाज यांची सरमिसळ करण्यावर आपल्याकडे दूरसंचार खात्याची बंधनं आहेत. बाहेरचे कॉल इंटरनेटवरून आणून लोकल लाइनीत सोडणाऱ्यांवर धाडी पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. "तुमचं दोन मैलांवरचं असो की दोनशे, मी बाहेरचा कॉल या पुलावर चढवणार नाही. आतल्या माणसाने आतल्या माणसाशी बोलायचं." त्यांनी दोन्ही यंत्रांत ट्रंकवरून ट्रंकवर ट्रान्सफर बंदच केलं आहे. ठाण्याहून आठ दाबून रबाळ्याची बाहेरची लाइन पकडता येत नाही, तिकडूनही नाही. मी तेव्हा जरा नाराज झाले. पण कायद्याचं असं तोंडावर सांगणारा माणूस पैसे घेणाऱ्यांत विरळा, हेही खरं. आता रिसेप्शनची ताई गिऱ्हाइकाला होल्डवर ठेवते, आठ दाबून डिस्पॅचला विचारते, परत येऊन उत्तर देते. होल्डवर आमच्याकडे अजून तीच जुनी टिणटिण वाजते. जास्त बोलायचं असेल तर डिस्पॅच गिऱ्हाइकाला स्वतः फोन करतं.

तिसरा तुकडा मात्र काकांचाच. कागद नाही. कुठल्या पोर्टात काय, पासवर्ड काय, राऊटरचा पत्ता काय, सगळं त्यांच्या डोक्यात. पासवर्ड मी चार वेळा मागितला तेव्हा पिशवीतल्या गोळ्यांच्या पाकिटामागे लिहून दिला. मजुरीचं बिल तीन आठवड्यांनी आलं, तेही मी व्हाउचर भरून दिल्यावर सही करून. अकाउंट्समध्ये बसणाऱ्या बाईला याचा त्रास होणारच. मी स्वतः सगळ्या पोर्टांचा तक्ता केला, दोन्ही यंत्रांच्या झाकणाच्या आत चिकटवला, आणि पासवर्ड पाकिटात सील करून तिजोरीत ठेवला. काम देणार असाल तर शेवटचे दोन हजार कागद हातात येईपर्यंत राखून ठेवा. मी तसं केलं नाही.

पण माणूस येतो. जानेवारीत रविवारी रबाळ्याला स्टॉक टेकिंग होतं आणि हा फोनचा पूल बंद पडला. मी साडेनऊला फोन केला, काका ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून पनवेल गाडी पकडून पावणेअकराला रबाळे स्टेशनात उतरले होते. स्कूटी पंक्चर होती म्हणे. झालं होतं एवढंच, की रंगकाम करणाऱ्या पोराने राऊटरची पिन काढून तिथे स्वतःचा मोबाइल लावला होता. काकांनी पैसे घेतले नाहीत, कँटीनमध्ये पोहे खाल्ले आणि जाता जाता आठव्या पोर्टाचा जंपर पुन्हा ठोकून गेले.

साहेबांना आता पुण्याचं गोडाऊनही जोडायचं आहे. काकांनी उत्तर दिलेलं नाही, आधी तिथलं यंत्र उघडून बघतो म्हणाले.

एक राहिलं. ठाण्याहून कोणीही लावला तरी रबाळ्याच्या डिस्प्लेवर ३०८ च दिसतं, कारण त्यांच्या यंत्राच्या दृष्टीने तो डबाच फोन करतो. सुरुवातीला साहेबांनी दोन-तीनदा लावला, त्यामुळे स्टोअरकीपरने ठरवून टाकलं की ३०८ म्हणजे साहेब. महिनाभर आमचा चहावाला मुलगा जरी दूध किती पाठवलं विचारायला फोन करी, तरी तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आणि "हां सर" यायचं. मग कोणीतरी त्याला सांगितलं. आता त्याच्या फोनला पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, त्यावर स्केचपेनने लिहिलंय: ३०८ ठाणे, कोणपण असू शकतं.